शाळूचे पान न तोडता कसे मोजावे?

सोलापूर जिल्ह्यात रब्बीच्या ज्वारीला ‘शाळू’ म्हणतात. हे पीक पावसात वाढत नाही, पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर वाढते. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा पाऊस काळ्या जमिनीत मुरतो, वाफसा आला की पेरणी होते आणि तेथून फेब्रुवारीत कणसे खुडेपर्यंत बहुतेक वर्षी आकाशातून फारसे काही मिळत नाही. जमिनीच्या पोटात जेवढे पाणी साठले तेवढीच पिकाची शिदोरी. जिल्ह्यात पाऊस कोणत्या वर्षी किती आणि कधी येईल याची शाश्वती नसते.

ही शिदोरी खर्च करणारा अवयव म्हणजे पान. पानाच्या रंध्रांतून हवेतील कर्बवायू आत येतो, त्यावर अन्न तयार होते. त्याच रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. पानांचा पसारा जेवढा मोठा, तेवढी कमाई मोठी आणि उधळपट्टीही मोठी. नोव्हेंबरात हिरवेगार, रुंद पानांचे दिसणारे शिवार जानेवारीत दाणा भरण्याच्या वेळी कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीवर उभे असू शकते. म्हणून ज्वारीच्या अभ्यासकाला एक साधा वाटणारा प्रश्न विचारावाच लागतो: या ताटाच्या अंगावर आज नेमके किती पान आहे? आणि दहा दिवसांनी किती असेल?

प्रश्न साधा, उत्तर मात्र दीर्घकाळ महाग होते. पानाचे क्षेत्रफळ अचूक मोजायचे तर पान तोडावे लागे. तोडलेल्या ताटाची पुढची वाढ पाहता येत नाही, त्याला कणीस येत नाही, त्याचे बी पुढच्या हंगामात पेरता येत नाही. ज्या ताटाबद्दल सर्वाधिक माहिती मिळाली, नेमके तेच हातचे गेलेले असे.

या अडचणीला शास्त्राच्या इतिहासात जसे स्थान आहे, तसेच दख्खनच्या महसुली इतिहासातही आहे. उभे पीक न कापता मोजण्याचा खटाटोप येथे प्रयोगशाळांच्या पुष्कळ आधी सुरू झाला. त्याचे नाव आणेवारी.

आणेवारीची कल्पना अशी. चांगल्या वर्षाचे पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. यंदाचे पीक त्या मानाने किती, ते उभ्या शिवाराकडे पाहून ठरवायचे: बारा आणे, आठ आणे, चार आणे. ना विळा, ना तराजू. पाहणाऱ्याची नजर हेच माप. खेड्यातला जाणता माणूस हे माप विलक्षण सफाईने करू शकतो, यात शंका नाही. मात्र त्या नजरेवर जेव्हा सारा अवलंबून असतो, तेव्हा नजर कोणाची हा प्रश्न उभा राहतो.

गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी रयतवारी पाहणी बसवली, तिचा रोख खरे तर असल्या वार्षिक अंदाजांपासून सुटका करून घेण्याचा होता. जमिनीची प्रत ठरवायची, त्यावर तीस वर्षांसाठी सारा निश्चित करायचा आणि दरवर्षी पीक पाहत बसायचे नाही. इंदापूरला लागूनच असलेला आजचा सोलापूर जिल्हाही लवकरच या पद्धतीखाली आला. कागदावर योजना सुबक होती. पण पाऊस तीस वर्षांचा करार पाळत नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होते. साऱ्याची तहकुबी द्यायची की नाही, सूट द्यायची तर किती, हे ठरवताना पुन्हा यंदाच्या पिकाकडेच पाहावे लागणार होते. मागील दाराने आणेवारी परत आली.

या नजर-मापाचा सर्वांत गाजलेला तंटा सोलापुरात नव्हे, गुजरातेत झाला. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचा कायदेशीर गाभा आणेवारी हाच होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करण्याची तरतूद होती. शेतकऱ्यांच्या मते पीक चार आण्यांच्या आत होते. सरकारी अधिकाऱ्यांच्या मते ते त्याहून अधिक होते. दोघेही एकाच शिवाराकडे पाहत होते. पाठ्यपुस्तकांत खेड्याचा उल्लेख सत्याग्रहाच्या तंत्रापुरता येतो आणि त्यामागचा हा मोजमापाचा वाद वगळला जातो, हे खेदजनक आहे. महाराष्ट्रात आणे गेले आणि पैसे आले, पण पद्धतीचा सांगाडा उरला. पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी ही टंचाईच्या सवलतींची खूण म्हणून अजूनही गावोगावी बोलली जाते.

नजरेला पर्याय म्हणून पुढे विळाच आला. १९४० च्या दशकात पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत भारतभर रुजवली. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. पद्धत अशी की गावे आणि शेते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिकपणे निवडायची, निवडलेल्या शेतात ठराविक मापाचा आयत दोरीने आखायचा, त्यातील पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे. अधिकाऱ्याची मर्जी, शेतकऱ्याची भीती, दोन्ही यातून बरीचशी बाजूला होतात. उत्पादनाची आकडेवारी यामुळे विश्वासार्ह झाली. तरीही विळ्याचे उत्तर एकदाच मिळते आणि तेही हंगाम संपताना. पीक नोव्हेंबरात कसे होते, डिसेंबरात त्याने किती पाणी उडवले, पोटरीत येताना ते कोठे अडले, याबद्दल कापलेली पेंढी काहीच सांगत नाही.

सोलापुरातील शास्त्रज्ञांना नेमके हेच हवे होते.

१९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे व्ही. ए. ताम्हाणे यांनी कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन सुरू केले. १९२६ मध्ये नेमलेल्या शाही कृषी आयोगाचा अहवाल १९२८ मध्ये आला, त्यातून पुढच्याच वर्षी आजच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची पूर्वज संस्था जन्मली आणि तिच्या साहाय्याने कोरडवाहू संशोधनाची केंद्रे उघडली गेली. सोलापूर आणि विजापूर येथील केंद्रे १९३३ मध्ये सुरू झाली. हगरी, रायचूर आणि रोहतक ही त्यांच्या मागोमाग. सोलापुरातील कामाशी एन. व्ही. कानिटकर यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. भारतातील कोरडवाहू शेतीवरचा त्यांचा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या काळातील सोलापूर केंद्राचे प्रयोग वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. तेथे जवळपास प्रत्येक गोष्ट पाण्याच्या हिशेबात मांडलेली आहे. उतारावरून किती पाणी वाहून गेले, त्याबरोबर किती माती गेली, बांध घातल्यावर त्यात काय फरक पडला. या कामातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखला जाणारा शिफारशींचा संच तयार झाला: समपातळीवर बांध घालणे, काही वर्षांच्या अंतराने खोल नांगरट, शेणखत, वारंवार कोळपणी, एकरी कमी बियाणे आणि दोन ओळींत अधिक अंतर.

शेवटच्या दोन शिफारशी थोड्या थांबून पाहण्यासारख्या आहेत. पेरणी पातळ करा, म्हणजे पीक कमी लावा, असा सल्ला दुष्काळी भागातील शेतकऱ्याला देणे विचित्र वाटते. पण पाण्याच्या हिशेबाने त्याचा अर्थ स्वच्छ आहे. एका वाव जमिनीवर ताटे कमी, म्हणजे पाने कमी. पाने कमी, म्हणजे हिवाळ्यात उडणारे पाणी कमी. म्हणजे दाणा भरताना जमिनीत ओल शिल्लक. आज शिफारस केली जाणारी दोन ओळींतील ४५ सेंटीमीटर अंतराची मोजणी म्हणजे जुन्या मापाने सुमारे अठरा इंच. पानांचे क्षेत्रफळ हा शब्दही न उच्चारता त्या संशोधकांनी शिवारातील एकूण पानांचे नियमन केले होते. ते तिफणीने केले, मापनयंत्राने नव्हे.

याच दशकात जिल्ह्यातील मोहोळ येथे आणखी एक काम झाले आणि त्याचे फळ महाराष्ट्राच्या ताटात अजून आहे. ‘मालदांडी’ या स्थानिक ज्वारीच्या मिश्र समुदायातून एकेक कणीस निवडून, त्याची संतती वेगळी वाढवून, एक शुद्ध वाण काढण्यात आला. त्याचा क्रमांक ३५-१. मालदांडी ३५-१ ची भाकरी, तिचा पांढरा टपोरा दाणा आणि जनावरे आवडीने खातात तो कडबा, या तिन्हींमुळे हा वाण नव्वद वर्षांच्या जवळ आला तरी शेतातून गेलेला नाही. ज्या देशात संकरित वाणांनी खरिपाच्या ज्वारीचे चित्र पालटले, तेथे रब्बीत एका जुन्या निवडीने एवढा काळ तग धरावा, ही साधी गोष्ट नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही याच मालदांडी परंपरेची पुण्याई आहे.

मोहोळच्या निवडीचे साधन कोणते होते? पुन्हा नजरच. कणीस कसे, दाणा कसा, ताट उभे राहते की लोळते. मालदांडी अवर्षणात तगते हे दिसत होते. का तगते, हे सांगायला पानांचा आणि पाण्याचा दैनंदिन जमाखर्च लागणार होता, आणि तो मांडण्याची सोय त्या वेळी कोणाजवळच नव्हती.

आता थोडे मागे, इंग्लंडातील टेडिंग्टन गावी जावे लागेल. तेथील पाद्री स्टीफन हेल्स याने १७२४ च्या उन्हाळ्यात कुंडीतील एक सूर्यफूल रोज सकाळ-संध्याकाळ तोलले आणि ते दिवसाला किती पाणी सोडते हे काढले. मग त्याला प्रश्न पडला, हे पाणी एकूण किती पृष्ठभागातून गेले? त्याने सगळी पाने कापली, आकारानुसार त्यांचे पाच ढीग केले, प्रत्येक ढिगातील एका पानावर दोऱ्यांची जाळी पसरली आणि पाव इंचाचे चौकोन मोजले. बेरीज आली ५,६१६ चौरस इंच, म्हणजे ३९ चौरस फूट. १७२७ मध्ये त्याने हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. उंची साडेतीन फूट आणि पानांचा पसारा एका लहान खोलीच्या जमिनीएवढा! मोजणी उत्तम झाली. सूर्यफूल मात्र संपले.

पुढची दोनशे वर्षे साधने बदलली, नशीब तेच राहिले. पान कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, आकार कापायचा, कागद तोलायचा. किंवा स्वित्झर्लंडच्या याकोब आम्स्लरने १८५४ मध्ये तयार केलेल्या प्लॅनिमीटरची सुई कडेवरून फिरवायची. पान तोडूनच टेबलावर येत असे.

पहिली मोठी सुटका गणिताने केली आणि ती इतकी सोपी आहे की तिचे कौतुक करायचे राहून जाते. १९११ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का येथे ई. जी. मॉन्टगोमेरी याने मक्याच्या पानाची लांबी आणि सर्वाधिक रुंदी पट्टीने मोजली, दोन्हींचा गुणाकार केला आणि त्याला ०.७५ ने गुणले. मक्याचे पान ना आयत ना त्रिकोण. आयत असते तर गुणक १ आला असता, त्रिकोण असते तर ०.५. पान दोहोंच्या मध्ये पडते. १९६१ मध्ये कॅन्सस येथील स्टिक्लर, वेअर्डन आणि पॉली यांनी ज्वारीसाठी हाच गुणक ०.७४७ असल्याचे दाखवले. भारतातील कृषी महाविद्यालयांत ज्वारीच्या पानांचे क्षेत्रफळ काढण्यासाठी हा गुणक पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. शेतात दोन माणसे, एकाजवळ पट्टी, दुसऱ्याजवळ वही. पान ताटावरच राहते.

एक हिशेब करून पाहू. पान ६० सेंटीमीटर लांब, ६ सेंटीमीटर रुंद. गुणाकार ३६०, त्याचे तीन चतुर्थांश २७० चौरस सेंटीमीटर. खालची-वरची पाने लहान असतात, म्हणून ताटावरील दहा पानांची सरासरी २०० धरली तर एका ताटाचे पान २,००० चौरस सेंटीमीटर. ओळींत ४५ आणि ताटांत १५ सेंटीमीटर अंतर असेल, तर एका ताटाच्या वाट्याला जमीन येते ६७५ चौरस सेंटीमीटर. म्हणजे जमिनीच्या सुमारे तिप्पट पान. या गुणोत्तराला इंग्लंडातील डी. जे. वॉटसन याने १९४७ मध्ये ‘पर्णक्षेत्र निर्देशांक’ हे रूप दिले आणि पीकशास्त्राला एक सामाईक भाषा मिळाली. सोलापूरचे विरळ शिवार आणि पावसाळी इंग्लंडमधील गहू आता एका आकड्यात शेजारी ठेवता येऊ लागले.

मग अडचण उरली कोठे? संख्येत उरली. एका ताटाला दहा पाने, एका वाणाची वीस ताटे, चाचणीत तीनशे वाण, आणि दर चार दिवसांनी पुन्हा मोजणी. साठ हजार पाने एका फेरीत. तोवर पहिली पाने वाढलेली असतात. शिवाय पाण्याचा ताण पडला की दुपारी ज्वारीचे पान सुरळी होऊन वळते. पट्टी त्याची रुंदी कमी दाखवते. हात लागून पाने मोडतात ते वेगळेच. १९७० च्या दशकात प्रकाशाच्या साहाय्याने पान मोजणारी विद्युत यंत्रे आली, त्यांनी अचूकता वाढवली. पण बरीचशी यंत्रे तोडलेलेच पान मागत आणि हातात धरून फिरवायची यंत्रे एकेका पानावर थांबत.

काही जणांनी पान सोडून पानांमधल्या जागेचा माग घेतला. वॉरन विल्सन याने १९६० च्या सुमारास ठराविक कोनात लांब सुया पिकात घुसवून, सुईचे टोक किती वेळा पानाला लागते ते मोजले आणि त्यावरून संपूर्ण पर्णसंभाराचे क्षेत्रफळ काढले. पद्धत वेडगळ वाटते, गणित पक्के आहे. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात ए. आर. जी. लँग याने सांधे असलेल्या यांत्रिक हाताचे टोक कपाशीच्या पानांवरील बिंदूंना टेकवून त्या बिंदूंचे अवकाशातील स्थान नोंदवले. प्रत्येक बिंदूला तीन आकडे: लांबी, रुंदी, उंची. झाड न तोडता त्याची त्रिमितीय प्रतिकृती आकड्यांत उभी करण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय. त्याला एका झाडासाठी लागणारा वेळ मात्र कोणाही शेतकी खात्याला परवडणारा नव्हता.

बिंदूंपासून पृष्ठभाग कसा मिळतो, हे समजून घ्यायला दख्खनच्या वाचकाला परदेशी जाण्याचे कारण नाही. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासपासून भारताची जी मोजणी सुरू केली तिचे तत्त्व त्रिकोण हेच होते. एक पायारेषा अचूक मोजायची आणि तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन घ्यायचे. तिसरा बिंदू प्रत्यक्ष न चालताच सापडतो. अशी एक पायारेषा १८१५ मध्ये सोलापूरच्या पूर्वेला बिदरजवळ मोजली गेली. लॅम्बटन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे काम चालू असतानाच वारला; त्याची कबर तेथे आहे.

आजचा लेसर स्कॅनर वितीएवढ्या अंतरात तेच करतो. वरून पिकावर प्रकाशाची एक बारीक रेषा पडते. बाजूला तिरका लावलेला कॅमेरा ती रेषा पाहतो. रेषा उंच पानावर पडली तर कॅमेऱ्याला एका जागी दिसते, खालच्या पानावर पडली तर दुसऱ्या जागी. लेसर आणि कॅमेरा यांमधील अंतर ठाऊक असते, ती पायारेषा. कोन मिळतो, उंची निघते. स्कॅनर पुढे सरकत जातो आणि लाखो बिंदूंचा ढग तयार होतो. शेजारचे तीन-तीन बिंदू जोडले की पानावर चिमुकल्या त्रिकोणांची जाळी पसरते. त्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजे पानाचे क्षेत्रफळ. हेल्सची दोऱ्यांची जाळी आता जिवंत, वळलेल्या, तिरक्या पानावर बसू लागली. साध्या छायाचित्राला हे जमत नाही, कारण त्यात उभे पान अरुंद दिसते आणि वळलेले पान लहान.

सोलापुरातून हैदराबादच्या महामार्गाने गेले, की हैदराबाद येण्यापूर्वी पटनचेरू लागते. तेथे १९७२ पासून इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. व्हिन्सेंट वादेझ, याना खोलोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ‘लीझीस्कॅन’ नावाची व्यवस्था उभारली आणि २०१५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यात रोपे जागची हलत नाहीत. स्कॅनर त्यांच्यावरून सरकत जातात, दिवसातून अनेकदा. जोडीला संवेदनशील तराजू आहेत, म्हणजे पान किती वाढले आणि त्याच वेळी पाणी किती उडाले, या दोन नोंदी एकत्र येतात. कुंडी तोलणारा हेल्स आणि पान मोजणारा हेल्स यांची येथे गाठ पडली, तीही झाड जिवंत ठेवून. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेतही प्रतिमांवरून रोपांची वाढ मोजण्याची सुविधा आहे.

या यंत्रांवर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? येथे एक गमतीशीर वळण येते. लीझीस्कॅनने दिलेले क्षेत्रफळ खरे आहे की नाही, हे पडताळण्यासाठी काही झाडे स्कॅन झाल्यावर कापण्यात आली, पाने जुन्या पद्धतीने मोजण्यात आली आणि दोन्ही आकडे शेजारी मांडले गेले. वेगवेगळ्या पिकांत दोहोंतील जुळणीचा निकष ०.८६ ते ०.९४ या दरम्यान आला. १ म्हणजे संपूर्ण जुळणी. हा आकडा चांगला आहे, परिपूर्ण नाही. वरचे पान खालच्या पानाला झाकते आणि झाकलेले पान लेसरला दिसत नाही. वाऱ्याने पान हलले की बिंदू विस्कटतात. पीक दाट होत जाते तसा हा दोष वाढतो. आणेवारी करणाऱ्या पाटलाची नजर ज्या कारणाने फसे, त्यातली काही कारणे लेसरलाही फसवतात. फरक इतकाच की लेसरची चूक किती ते मोजून सांगता येते, आणि तिला साऱ्याशी देणेघेणे नसते.

या सर्व खटाटोपातून शाळूबद्दल काय कळले?

खोलोव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतातील रब्बी ज्वारीचे संगणकीय प्रतिरूप घेऊन त्यात एकेक गुण बदलून पाहिला होता. आधाराला घेतलेला वाण रब्बीत सर्वाधिक प्रचलित असलेला, म्हणजे आपला मालदांडीच. पर्णसंभार लहान केला तर काय होईल? दुपारी हवा फार कोरडी झाली की रंध्रे थोडी मिटवून पाण्याचा खर्च आवरणारे पान दिले तर? मुळांची पाणी ओढण्याची ताकद वाढवली तर? उत्तर असे आले की तीव्र अवर्षणात धान्याचे उत्पादन मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: फुलोऱ्यानंतर पिकाला किती पाणी शिल्लक आहे. दुपारी खर्च आवरणारे पान सर्वांत लाभदायक ठरले. पर्णसंभार लहान केला, तरी कडक दुष्काळात धान्य वाढले. ज्या ताटांची पाने अखेरपर्यंत हिरवी राहतात ती निराळ्या कुठल्या जादूने हिरवी राहत नाहीत. आधी काटकसर केल्यामुळे त्यांच्याजवळ पाणी उरलेले असते, असेही या अभ्यासातून दिसले.

विरळ पेरणीचा सल्ला देणाऱ्या कानिटकरांच्या पिढीला हा निष्कर्ष अनोळखी वाटला नसता.

पण त्याच अभ्यासात एक अडचणही नोंदली आहे आणि सोलापूरच्या दृष्टीने ती धान्याइतकीच मोलाची आहे. पर्णसंभार लहान केला, की ज्या वर्षी ताण सौम्य असतो त्या वर्षी कडबा कमी निघतो. शहरी वाचकाला कडबा हा पिकाचा उरलेला कचरा वाटेल. मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, बार्शी या तालुक्यांत तो बैलांचा, म्हशींचा उन्हाळा असतो. दुष्काळात दाणा विकत आणता येतो, रेशनवर मिळतो; चारा मिळत नाही, तेव्हा दावणीची जनावरे बाजारात न्यावी लागतात. मालदांडीने एवढी वर्षे काढली ती केवळ भाकरीच्या चवीवर नव्हे, उंच ताटाच्या कडब्यावरही. कमी पानांचे, काटकसरी, दुष्काळात दोन दाणे अधिक देणारे ताट शेतकऱ्याने पसंत करावे की नाही, याचा निर्णय पाच वर्षांत किती वर्षे कडक दुष्काळाची निघतात यावर अवलंबून आहे. अभ्यासकांनीही तेच म्हटले आहे: लाभ किती, हे दुष्काळ किती वेळा येतो त्यावर ठरेल.

म्हणून एकाच जिल्ह्यासाठी एकच आदर्श ताट शोधण्याचा नाद प्रजननकारांनी बराचसा सोडला आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे सोलापूरचे जुने कोरडवाहू केंद्र आहे. विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगवेगळे सुचवले: हलक्या जमिनीला लवकर येणारी फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी काळ्या जमिनीला फुले वसुधा. हलकी जमीन ओल कमी धरते, तेथे लवकर आटोपणारे ताट हवे. भारी जमिनीला मोठा पसारा पेलतो. आणि नव्या वाणांच्या चाचण्यांत तुलनेसाठी शेजारच्या ओळींत बहुधा जे ताट पेरले जाते, ते मोहोळला नजरेने निवडलेले मालदांडी ३५-१.